नाना, एक विचारू का?

समजा, सोमवारची ओपीडी आहे. नायडोंगरीकडचा पन्नाशीचा एक माणूस नांदगावच्या ग्रामीण रुग्णालयात आलाय. पित्त झालंय म्हणतो. जेवण जात नाही, झोप येत नाही, डोकं जड असतं. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात. चिठ्ठी खिशात घालून उठता उठता तो सहज बोलल्यासारखं बोलतो, ‘गोळ्यांनी काय होणार साहेब, आता सगळं उरकतच आलंय.’

मागे ४० जणांची रांग असते. ते वाक्य रांगेच्या गलक्यात विरून जातं. किंवा एखाद्या समुपदेशक ताईच्या कानावर पडतं आणि ती म्हणते, ‘नाना, जरा इकडे बसता का?’ हे म्हणायला आणि त्यापुढची वीस मिनिटं निभवायला शिकावं लागतं. ते कसं शिकवतात, त्यात काय काय असतं, हे इथे सावकाश पाहू.

आधी ही ताई कोण ते सांगायला हवं. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ रोज बसत नाही. समुपदेशक म्हणून जे काम करतात त्यांतले बरेच जण मुळात दुसऱ्याच कामासाठी नेमलेले असतात. कुणी एचआयव्ही तपासणी केंद्रात, कुणी किशोरवयीन मुलामुलींच्या क्लिनिकमध्ये, कुणी शाळेत. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो आणि गावात आशाताई. तिच्याकडे तिशीवरच्या माणसांसाठी भरायचा सी-बॅक नावाचा फॉर्म असतो. त्यात बीपी, साखर, तंबाखू यांच्या शेवटी मनाविषयी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं झालं का, उदास किंवा हताश वाटलं का. फॉर्म भरायची घाई असली की दोन्हींवर ‘नाही’ची खूण पडते. माणूस दारात उभा, सून आत ऐकतेय, शेजारी ओट्यावर. कोण ‘हो’ म्हणेल?

नांदगाव तालुका अवर्षणप्रवण. याच तालुक्यातल्या मनमाडच्या पाण्याची रड सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मका, कापूस, कांदा. पाऊस दगा देतो आणि पाऊस बरा झाला तर कांद्याचा भाव दगा देतो. जिल्हा रुग्णालय नाशिकला, रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटरवर. जाणं-येणं, भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर ‘नाशिकला दाखवा’ या सल्ल्याची किंमत हजाराच्या घरात जाते. म्हणून पहिला आधार तालुक्यातच तयार असावा लागतो.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पेठ तालुक्यात, तसा प्रयोग झालेला आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम चालवला. गावातलीच माणसं निवडली. काहींचं काम एवढंच, की कुणाचं बिनसलंय ते ओळखायचं आणि मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवून बोलणं सुरू करायचं. बाकीच्यांना चार ते सहा भेटींचं समुपदेशन शिकवलं. शिवाय विधवा पेन्शन किंवा रेशनकार्ड अडलं असेल तर तेही मार्गी लावायचं, कारण पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून मनाचं बोलणं फार वेळ टिकत नाही. पुढे हा उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला. पेठ पावसाचा, आदिवासी तालुका आणि नांदगाव कोरडा, त्यामुळे तिथलं इथे जसंच्या तसं चालेल असं नाही. पण गावातला माणूस हे काम शिकू शकतो, हे नाशिक जिल्ह्यानेच दाखवलंय.

आता प्रशिक्षणाच्या खोलीत जाऊ.

पहिला दिवस बहुतेक तोंड बंद ठेवण्यात जातो. दोघादोघांची जोडी करतात. एकाने पाच मिनिटं आपली खरी अडचण सांगायची, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणायचं नाही. पाच मिनिटं पुरी होण्याआधीच निम्म्या जोड्या मोडतात. आपल्याकडे प्रेमाचं माणूस म्हणजे सल्ला देणारं माणूस. ‘हिंमत धरा’, ‘पोराबाळांकडे बघा’, ‘देव बघतोय’, ‘तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले’ ही सगळी वाक्यं मायेपोटीच येतात. पण ऐकणाऱ्याला त्यातून कळतं ते इतकंच, की समोरच्याला हा विषय लवकर मिटवायचाय. तो मग गप्प होतो.

दुसरा धडा भाषेचा. ‘नैराश्य’ हा शब्द पोस्टरवर असतो, तोंडात नसतो. लोक म्हणतात मन लागत नाही, जिवाला घोर लागलाय, डोकं चालत नाही, लई टेन्शन आहे. बायका बहुधा अंगावरून बोलतात: छातीत धडधड, हातापायात त्राण नाही, भूक मेली. जीव नकोसा झाला असेल तर तेही आडूनच येतं: एकदाचं सुटलो म्हणजे बरं, माझ्यामागं सगळ्यांचं नीट होईल, आता माझी कुणाला अडचण व्हायची नाही. तालुक्यात अहिराणी बोलणारी घरंही आहेत आणि दुःख माणूस घरच्या बोलीत सांगतो. म्हणून चांगला प्रशिक्षक पहिल्याच दिवशी शिकणाऱ्यांकडून असे शब्द गोळा करून फळ्यावर लिहून घेतो. ही यादी पुण्या-मुंबईहून छापून आणता येत नाही.

मग येतो सगळ्यांत अवघड भाग: सरळ विचारणं.

जवळजवळ प्रत्येक नव्या समुपदेशकाला एक भीती असते. मी ‘आत्महत्या’ हा शब्द काढला आणि त्याच्या डोक्यात नसलेलं आलं तर? यावर बराच अभ्यास झालाय. विचारण्याने विचार पेरला जातो असं त्यात दिसलेलं नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन बोललेलं असतं. तरी तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून तो मोठ्याने म्हणायचा सराव करून घेतात, खोलीत, पुन्हा पुन्हा. ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असं विचारायचं नाही. त्या ‘ना’मध्येच उत्तर सांगितलेलं असतं. विचारायचं ते असं:

‘नाना, एक विचारू का? इतका त्रास होतो तेव्हा जगूच नये असं वाटतं का?’

‘वाटतं कधी कधी.’

‘जीव द्यायचा विचार आलाय मनात?’

‘...आलाय.’

‘बरं झालं सांगितलंत. शेवटचा कधी आला?’

‘बरं झालं सांगितलंत’ हे वाक्य मला या सगळ्या प्रशिक्षणाचा कणा वाटतं. चेहरा न पाडता, न ओरडता, न रडता ते म्हणता आलं पाहिजे. पुढचे प्रश्न पायऱ्यांचे असतात. विचार नुसता येतो की कसं करायचं तेही ठरलंय? साधन हाताशी आहे का? वेळ ठरवलीय का? पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का? दारू किती? आणि तितकंच महत्त्वाचं, आजवर कशाने थांबलात? त्याच्या उत्तरात नात असते, गाय असते, कधी नुसतं ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ असतं. जे असेल ते लिहून घ्यायचं.

रुग्णालयात पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पट्टीही वापरतात. गुण ० ते २७, आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. पट्टी उपयोगाची आहे, पण नवव्या प्रश्नावर शून्य आलं म्हणून फाइल मिटवायची नसते. कागदावर शून्य आणि दाराशी ‘सगळं उरकत आलंय’ असं असेल तर दाराशी बोललेलं खरं धरायचं.

इथे एक कबुली प्रशिक्षणातच द्यावी लागते. कोण जीव देईल हे आधी कुणालाही सांगता येत नाही. २०१७ साली गेल्या पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि निघालं ते असं, की धोक्याच्या ठरावीक खुणांवरून केलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं असतं. मग कमी, मध्यम, जास्त अशा पायऱ्या कशासाठी करायच्या? आज रात्री काय करायचं ते ठरवण्यासाठी. विचार येतात पण काही ठरलेलं नाही, तर आराखडा करायचा आणि दोन दिवसांत पुन्हा भेटायचं. कसं आणि कधी ते ठरलंय, तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरचं माणूस बोलवायचं, डॉक्टरांना लगेच सांगायचं, १०८ रुग्णवाहिका लागली तर ती बोलवायची, दाखल करायचं. समुपदेशक ज्योतिषी नसतो, हे एकदा मनात बसलं की त्याच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं आणि हात कामाला मोकळे होतात.

आपल्याकडे या घडीला हमखास होणारी एक चूक म्हणजे शपथ. ‘पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, असं काही करणार नाही.’ शपथ घेणारा घेतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. शपथेने माणूस वाचतो याला आधार सापडलेला नाही, आणि पुन्हा विचार आला तर तो आता सांगणारही नाही, कारण सांगणं म्हणजे शपथ मोडल्याची कबुली. म्हणून वचन मागायचं नाही, आराखडा करायचा.

हा आराखडा बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी घडवला. पायऱ्या सहा, आणि सगळ्या त्या माणसाच्याच शब्दांत. नानांचा आराखडा असा होऊ शकेल. आपलं बिघडतंय हे कशावरून कळतं? ‘रात्री दोनला जाग येते आणि मी पावत्यांची पिशवी काढून बसतो.’ तेव्हा एकट्याने काय करता येईल? ‘गोठ्यात जाऊन गायीला हात लावून बसतो, बरं वाटतं.’ कुठे गेलं की मन दुसरीकडे लागतं? ‘पारावर. नाहीतर नस्तनपूरला शनीच्या देवळात.’ कुणाला सांगता येईल? ‘मेव्हण्याला. भावाला नको.’ हे ‘नको’ही लिहायचं. मग आशाताई, समुपदेशक आणि टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर. सहावी पायरी घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर करण्याची.

या सहाव्या पायरीवर जरा थांबू. नांदगावकडेच काय, सगळ्या महाराष्ट्रात शेतकरी फवारणीच्या विषाला ‘औषध’ म्हणतो. ते घरात असतं, माळ्यावर, कोनाड्यात, धान्याच्या कोठीशेजारी. जीव नकोसा होण्याची तीव्र लाट अनेकदा थोडा वेळच टिकते. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर लाट ओसरायला सवड मिळते. आणि एका वाटेने अडलेला माणूस दुसरी शोधतोच, हा आपला समज आकड्यांवर टिकत नाही. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली. तिथलं आत्महत्यांचं प्रमाण १९९५ मध्ये लाखामागे ४७ होतं, ते २००५ मध्ये २४ वर आलं. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी दोन गावांत लोकांची कीटकनाशकं घराबाहेर, एका सामाईक जागी कुलूपबंद ठेवून पाहिली. तिथूनही आशादायक निकाल आला. पण श्रीलंकेतच १८० गावं घेऊन त्यांतल्या निम्म्यांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात २०१७ च्या निकालात काही फरक दिसला नाही. पेटी घरात, किल्ली घरात. फरक पडणार कसा? म्हणून ताई नानांच्या घरच्यांना पेटी आणा म्हणत नाही. उरलेलं सगळं आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि पुढच्या फवारणीला लागेल तेवढंच आणा, असं सांगते.

घरच्यांना सांगायचं म्हटलं की गुप्ततेचा प्रश्न येतो. छोट्या गावात कोण कुठल्या खोलीत बसलं होतं ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गुप्तता पाळायला सांगतो, आणि जिवाला धोका असेल तर गरजेपुरतं सांगायची मोकळीकही देतो. समुपदेशक हे सुरुवातीलाच बोलून ठेवतो: तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, जिवावर बेतलं तरच तुमच्यातल्या एका माणसाला सांगेन आणि तेही तुम्हाला विचारून. याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, शिक्षा नको म्हटलं. जुन्या दंडसंहितेतलं, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरलाय. पोलिसांच्या धाकाने ‘चुकून झालं’ सांगणारी घरं अजून आहेत. त्यांना ही माहिती शांतपणे द्यावी लागते.

हे सगळं वहीत लिहून येत नाही, करून पाहावं लागतं. प्रशिक्षणाचा बराचसा वेळ भूमिका करण्यात जातो. तिघांचा गट: एक नाना, एक ताई, एक निरीक्षक. निरीक्षकाच्या हातात यादी असते. सरळ विचारलं का, घाईने दिलासा दिला का, साधनाबद्दल विचारलं का, पुढची भेट ठरवली का. मग भूमिका बदलतात. नाना होऊन बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच कळतं की ‘हिंमत धरा’ ऐकायला कसं लागतं. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या प्रयोगांत साध्या शिकलेल्या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित करत आणि समुपदेशक एकमेकांच्या बैठका ऐकून गुण देत. तज्ज्ञाने वर्षातून एकदा येऊन तपासण्यापेक्षा दर आठवड्याला सोबतिणीने कान धरणं बरं.

संगाथनेच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प चालवला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेला दुसरी गावं घेतलेली नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. पण मदत घेणारे सहापट झाले, हे आपोआप होणारं नाही. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आशाताईंच्या जोरावर ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. नाशिक त्या चौदांत नव्हतं.

भेट संपली की काम संपलं असं वाटतं, आणि इथेच बहुतेक यंत्रणा गळपटते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला. त्यात आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याशिवाय तासाभराची एक भेट आणि पुढे १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा घरभेट. त्यात विशेष काही नाही: कसे आहात, काही लागतंय का. १८ महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के आत्महत्येने गेले होते, फोन मिळालेल्या गटात ०.२ टक्के. नऊ फोन! आपल्याकडे रजिस्टरात ‘रेफर केले’ असं लिहिलं की नोंद पुरी होते. प्रशिक्षणात म्हणून आणखी एक वही करायला शिकवतात: कुणाला, कोणत्या तारखेला, फोन लागला की नाही, लागला नाही तर कोण घरी जाणार. आणि नाशिकला पाठवायचं असेल तर नुसती चिठ्ठी द्यायची नाही. तिथल्या माणसाशी आधी बोलायचं, सोबत कोण जाईल ते ठरवायचं, संध्याकाळी पोचलात का विचारायचं.

आपण फक्त शेतकऱ्याचं बोललो, पण तेवढ्यावर थांबणं चूक ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. देशभरच्या नोंदींत सर्वांत मोठा वाटा रोजंदारीवरच्या मजुरांचा होता आणि कारणांत कौटुंबिक प्रश्न व आजारपण सगळ्यांत वर. म्हणजे कर्जाची पावती न दिसणाऱ्या घरातही विचारावं लागेल. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात शाळेत, बाळंतिणीच्या घरभेटीत, दारू सोडवायला आलेल्याच्या बायकोलासुद्धा.

समुपदेशकाचं स्वतःचं काय? सगळं नीट करूनही एखादा माणूस जातो. त्या दिवशी ताई घरी जाऊन स्वयंपाक करते आणि रात्रभर आपलं कुठलं वाक्य चुकलं ते आठवत बसते. तिला बोलायला वरिष्ठ हवा. चुकीचा पंचनामा करणारा नको, शेजारी बसणारा हवा. अशी व्यवस्था नसलेलं प्रशिक्षण मी अर्धवट मानतो. गेलेल्या माणसाच्या घरी जाणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, कारण त्या घरातल्यांचा धोका आता वाढलेला असतो. आपल्याकडे त्या घरी पहिली जाते ती फाइल. शेतकऱ्याची आत्महत्या सरकारी मदतीला पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. पात्र ठरली तर एक लाख रुपये, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजारांची ठेव. माणूस गेल्यावर त्याची पात्रता तपासायला सरकारकडे वीस वर्षांची घडी बसलेली पद्धत आहे. तो असताना ‘नाना, एक विचारू का’ म्हणणाऱ्याची पद्धत मात्र अजून एकेका ताईच्या हौसेवर चालते.

नांदगावात पुढचं असं प्रशिक्षण कुणी घेणार असेल तर एक विनंती. आशाताई आणि शिक्षकांबरोबर कृषी सेवा केंद्राचे दुकानदार, बाजार समितीतले कर्मचारी आणि मनमाड-नांदगावच्या बसवरचे कंडक्टर यांनाही दोन तास बोलवा. समुपदेशन त्यांना शिकवायचं नाही. एवढंच, की ‘सगळं उरकत आलंय’ ऐकू आलं तर ते वाक्य सोडून द्यायचं नाही आणि कुणाला फोन करायचा ते माहीत असायचं. टेलि-मानसचा नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र लागतो, आणि पलीकडून मराठीत बोलतात.